‘जशास तसे’ ही म्हण आली कुठून, आणि तिचा अर्थ सूडच का?

बर्डीवाला

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेचा विषय आहे ‘जशास तसे : नीती की सूड?’ मुलं नववी-दहावीची, वेळ सात मिनिटं, त्यानंतर परीक्षकांचे दोन प्रश्न. मुलांनी जो मजकूर जमवलाय त्यात फिरून फिरून या चारच गोष्टी येतात :

समर्थांनी ‘धटासी धट, उद्धटासी उद्धट’ म्हणून बदला घ्यायला सांगितलं. ‘डोळ्याला डोळा, दाताला दात’ हा बायबलचा कायदा आणि तो रानटी. गांधीजी म्हणाले, डोळ्याला डोळा घेत गेलो तर सगळं जग आंधळं होईल. आणि ‘शठं प्रति शाठ्यम्’ (लबाडाशी लबाडीनेच) हे चाणक्याचं.

यातलं काय बेधडक म्हणावं आणि कशावर परीक्षक धरतील? ज्यांनी मूळ ग्रंथ पाहिलेत त्यांनी सांगावं. व्हॉट्सॲपवरची सुविचारमाला नको, ती ढीगभर आहे.

पोथीवाला_महाल

समर्थांपासून सुरू करतो, सगळ्यात मोठी गडबड तिथेच आहे.

दासबोध, दशक १९, समास ९, नाव ‘राजकारण निरूपण’. समासाच्या शेवटच्या तीन ओव्या काढा :

हुंब्यासी हुंबा लाऊन द्यावा । टोणप्यास टोणपा आणावा ।
लौंदास पुढें उभा करावा । दुसरा लौंद ॥

धटासी आणावा धट । उत्धटासी पाहिजे उत्धट ।
खटनटासी खटनट । अगत्य करी ॥

जैशास तैसा जेव्हां भेटे । तेव्हां मज्यालसी थाटे ।
इतुकें होतें परी धनी कोठें । दृष्टीस न पडे ॥

आता फक्त क्रियापदं बघा. लाऊन द्यावा. आणावा. पुढें उभा करावा. ‘तू धट हो’ असं एकाही ओळीत नाही. दांडगा अंगावर आला तर त्याच्यासमोर दुसरा दांडगा आणून उभा कर, असा हा सल्ला आहे, आणि तो दिलाय समुदाय चालवणाऱ्याला. म्हण होताना ‘आणावा’ गळून पडलं. ‘धटासी धट’ एवढंच उरलं आणि ऐकणाऱ्याने मोकळ्या जागेत आपल्या सोयीचं ‘व्हावं’ घालून घेतलं. एका क्रियापदाने अर्थ उलटा झाला.

याच समासात आधी आणखी एक ओवी आहे : ‘कांटीनें कांटी झाडावी । झाडावी परी ते कळों नेदावी ।’ इथली कांटी म्हणजे पायात मोडतो तो काटा नव्हे, काटेरी फांदी. कुंपणावरची बोराटीची फांदी कोणी हाताने ओढत नाही, हात सोलून निघतो. दुसऱ्या फांदीने ढकलतात. आपला हात रक्ताळू द्यायचा नाही, मुद्दा तो आहे. त्याच्या आसपास ‘नष्टासी नष्ट योजावे, वाचाळासी वाचाळ आणावे’ आहे. ‘दुर्जन प्राणी समजावे, परी ते प्रगट न करावे’ हेही त्याच समासात. दुर्जन कोण ते ओळखा, पण चारचौघांत त्याला दुर्जन म्हणू नका, कारण एकदा उघड वैर झालं की ‘अखंड खटखट’. बदला घेणाऱ्याला असलं काही सुचत नाही. त्याला आधी चारचौघंच हवे असतात.

मात्र मुलांनी दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. समर्थ इथे क्षमा शिकवत नाहीत. ‘धनी कोठें दृष्टीस न पडे’ म्हणजे हे सगळं घडवणारा पडद्याआड राहतो. दोन लौंद, म्हणजे दांडगे, भिडवून स्वतः नामानिराळं राहणं नीतीत बसतं का, हा प्रश्न खरा आहे आणि जागरूक परीक्षक तो विचारणारच. माझ्या मते समर्थांचं उत्तर त्या समासाच्या नावातच आहे. हे राजकारणाचं निरूपण आहे. घरात, वर्गात, शेजाऱ्यापाजाऱ्यांत वापरायची ही रीत म्हणून त्यांनी सांगितलेली नाही. मुलाला हे पटत नसेल तर त्याने तसं स्पष्ट म्हणावं. गुण जातील असं मला वाटत नाही.

आता ‘शठं प्रति शाठ्यम्’. चाणक्यनीती म्हणून जो सुभाषितसंग्रह छापला जातो त्याच्या सतराव्या अध्यायात ‘कृते प्रतिकृतिं कुर्यात्’ असा श्लोक आहे, पण त्याचा शेवट ‘दुष्टे दुष्टं समाचरेत्’ असा येतो. तो संग्रह वेगळा आणि कौटिल्याचं अर्थशास्त्र वेगळं. ‘चाणक्याने अर्थशास्त्रात म्हटलंय’ असं बोललात की संपलं. त्यापेक्षा महाभारतातली विदुरनीती घ्या, उद्योगपर्व. तिथे विदुर धृतराष्ट्राला सांगतो :

यस्मिन्यथा वर्तते यो मनुष्यस्तस्मिंस्तथा वर्तितव्यं स धर्मः ।
मायाचारो मायया वर्तितव्यः साध्वाचारः साधुना प्रत्युपेयः ॥

जो जसा वागेल त्याच्याशी तसं वागावं, कपट्याशी कपटाने आणि सज्जनाशी सज्जनपणाने. हे सदतिसाव्या अध्यायात. दोनच अध्याय पुढे, एकोणचाळिसाव्यात, तोच विदुर त्याच राजाला म्हणतो : ‘अक्रोधेन जयेत्क्रोधं असाधुं साधुना जयेत्’. राग न करता राग जिंकावा, दुर्जनाला सज्जनपणाने जिंकावं. एकाच रात्रीत, एकाच ऐकणाऱ्याला दोन्ही. सात मिनिटांच्या भाषणाला याहून चांगली सुरुवात मला तरी सुचत नाही.

हाव_ना

आमच्या इकडे ‘जशाले तसा’ म्हणतात, त्यात तर क्रियापद पहिल्यापासूनच नाही! अन् तुकोबाचं काय? ‘नाठाळाचे माथी हाणू काठी.’ तिथे तर ‘आणावा’ नाही, स्वतःच हाणून राहिले.

पोथीवाला_महाल

बरोबर पकडलंत भाऊ. तुकोबा आडून काही करत नाहीत, जे आहे ते तोंडावर. पण ओळ अर्धी सांगितलीत. आधीचा अर्धा भाग ‘भले तरी देऊ कासेची लंगोटी’ असा आहे (गाथेच्या छापील प्रतींत लंगोटीआधीचा शब्द याहून रांगडा सापडतो, शाळेच्या पुस्तकाने तो सोज्वळ केला). अंगावरचं शेवटचं वस्त्र काढून देण्याची तयारी आधी, काठी नंतर. अभंग सुरू होतो तोही ‘मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास’ असा. लोक काठी उचलतात आणि लंगोटी विसरतात. काठीचा अधिकार हवा असेल तर लंगोटी दिल्याचा पुरावा मागायला हवा.

मातीची_पाटी

डोळा-दाताबद्दल लिहितो. ‘हा बायबलचा कायदा’ हे वाक्य काढून टाका. बायबलमध्ये तो आहे, पण तिथला नाही.

दगडावर कोरलेला प्रसिद्ध मजकूर बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाचा, इसवी सनापूर्वी अठरावं शतक. सव्वादोन मीटर उंचीचा काळा दगड, १९०१-०२ मध्ये इराणमधल्या सूसा इथे फ्रेंच उत्खननात मिळाला, आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. अभ्यासकांनी कलमांना क्रमांक दिलेत. कलम १९६ : एका प्रतिष्ठित माणसाने दुसऱ्या प्रतिष्ठित माणसाचा डोळा फोडला तर त्याचा डोळा फोडावा. सगळे इथेच थांबतात. पुढे वाचा. कलम १९८ : डोळा सामान्य माणसाचा असेल तर एक मिना चांदी भरावी. मिना म्हणजे साधारण अर्धा किलो. कलम १९९ : गुलामाचा असेल तर त्याच्या किमतीची निम्मी रक्कम. दाताचंही तसंच, बरोबरीच्याचा दात असेल तर दात, सामान्याचा असेल तर मिनाचा तिसरा हिस्सा. म्हणजे ‘डोळ्याला डोळा’ हा नियम फक्त बरोबरीच्या दोघांत होता. खालच्याच्या डोळ्याला दर होता.

आपल्याकडे मनुस्मृतीत (८.२७९) हे आणखी उघड आहे. खालच्या मानलेल्या वर्णाच्या माणसाने ज्या अवयवाने वरच्याला इजा केली तो अवयवच छाटावा. उलट बाजूने तेच घडलं तर तसा नियम नाही. तिथे ‘जशास तसे’ नाहीच, ‘जो जसा जन्मला त्यास तसे’ आहे. नागपूरच्या व्यासपीठावर एखाद्या मुलीने हे बोललं तर सभागृह ऐकेल, पण श्लोकाचा क्रमांक पाठ हवा.

‘रानटी’ म्हणायचं असेल तर आणखी एक अडचण आहे. हम्मुराबीच्या आधी तीनेकशे वर्षं ऊर-नम्मू राजाचे कायदे आहेत, सुमेरी भाषेत. तिथे डोळा फोडल्यास अर्धा मिना चांदी, दात पाडल्यास दोन शेकेल (साठ शेकेलांचा एक मिना). एश्नुन्ना शहराच्या कायद्यात नाक चावून तोडलं तर एक मिना आणि थोबाडीत मारली तर दहा शेकेल. आधी दंड होता, ‘डोळ्याला डोळा’ नंतर आला. ‘माणूस आधी रानटी, मग सूड मोजून, मग दंड, मग क्षमा’ अशी जी सरळ शिडी मुलं उभी करतात ती इथेच मोडते. माझं मत विचाराल तर श्रीमंताला दंड परवडतो. अर्धा मिना चांदी फेकून डोळा फोडणाऱ्याला आवर घालायला शरीरावरची शिक्षा आली असावी. हे अनुमान आहे, भाषणात अनुमान म्हणूनच सांगावं.

बायबलच्या जुन्या करारात हे वचन तीन ठिकाणी येतं, निर्गम २१, लेवीय २४ आणि अनुवाद १९. तिसरं विशेष आहे कारण ते खोट्या साक्षीदाराबद्दल आहे. साक्षीने समोरच्याला जी शिक्षा व्हावी असा त्याचा डाव होता तीच त्याला द्यावी. निर्गममध्ये लगेच पुढे म्हटलंय, मालकाने दासाचा डोळा फोडला तर त्या डोळ्याबद्दल दासाला मुक्त करावं. पुढे यहुदी धर्मशास्त्र्यांनी, तालमुद या त्यांच्या ग्रंथात, हे वचन शब्दशः घ्यायचंच नाही असं ठरवलं. त्यांचा एक युक्तिवाद मुलांना फार आवडेल : फोडणारा आधीच आंधळा असेल तर काय फोडणार? म्हणून भरपाई, तीही पाच खात्यांत : इजा, वेदना, औषधोपचार, बुडालेला रोज आणि झालेली बेअब्रू. आजच्या मोटार अपघाताच्या दाव्यात वकील जवळपास हीच खाती मांडतात.

रोमच्या बारा पाट्यांत (इसवी सनापूर्वी ४५१-४५०) तर अटच घातलेली आहे. अवयव निकामी केला आणि दोघांत समझोता झाला नाही, तरच तसाच अवयव. समझोता आधी. या शिक्षेला लॅटिनमध्ये ‘तालिओ’ म्हणतात, आणि तो शब्द ‘तालिस’शी जोडतात. तालिस म्हणजे ‘तसा’. जशास तसे! दोन भाषांनी एकच सर्वनाम उचललं.

कुराणात (५.४५) डोळा-नाक-कान-दात ही यादी तौरातमधला (यहुद्यांच्या धर्मग्रंथातला) हुकूम म्हणून येते आणि तिथेच पुढे, जो हा हक्क सोडून देईल त्याला ते प्रायश्चित्त ठरेल असं आहे. बायबलच्या नव्या करारात मत्तय ५.३९ मधलं ‘दुसरा गाल’ सगळ्यांना ठाऊकच आहे, त्यावर वेळ घालवू नका.

सगळ्यांत समान धागा एकच. ‘डोळ्याला डोळा’ म्हणजे *फक्त* डोळा. एका डोळ्यासाठी घर जाळायचं नाही, त्याच्या भावाला मारायचं नाही. हम्मुराबीनेच ही मर्यादा मोडलीय, कलम २३० बघा : घर कोसळून मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला मारावं. परीक्षकाने ‘मग यात चूक काय?’ विचारलं तर हे कलम पुढे करा.

शेरभर_कमी

मापाचा विषय निघालाच आहे तर ‘शेरास सव्वाशेर’ या म्हणीची बेरीज करून दाखवतो. शेर म्हणजे ८० तोळे, सव्वाशेर १०० तोळे. प्रत्येक फेरीत समोरच्याच्या सव्वापट द्यायचं ठरवलं तर तिसऱ्या फेरीत आकडा जवळजवळ दुप्पट आणि दहाव्या फेरीत नऊपटीच्या वर जातो. शिवी सुरू होते आणि लाठी निघते ती अशी. ‘जशास तसे’मध्ये हे वाढतं व्याज नाही. मुलं दोन्ही म्हणी एकाच दमात म्हणतात, तिथे थांबवा.

बरोबरीचं ‘जशास तसे’ चालतं का, हे संगणकावर तपासून झालंय. १९८० च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणक-प्रोग्रॅमची स्पर्धा घेतली, प्रत्येक जोडी एकमेकांशी पुन्हा पुन्हा खेळायची. दोघांनी सहकार्य केलं तर ३-३ गुण, एकाने दगा दिला तर त्याला ५ आणि दुसऱ्याला ०, दोघांनी दिला तर १-१. पहिल्या स्पर्धेत तज्ज्ञांच्या १४ प्रवेशिका होत्या. जिंकली ती अनातोल रॅपोपोर्ट यांची सगळ्यात छोटी : पहिली खेळी सहकार्याची, नंतर समोरच्याने मागच्या वेळी जे केलं तेच. दुसऱ्या फेरीत ६२ प्रवेशिका आल्या, पुन्हा तीच पहिली. गंमत अशी की या पद्धतीला कोणत्याही एका सामन्यात समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळूच शकत नाहीत. फार तर बरोबरी. एकूण बेरजेत मात्र ती वर राहते, कारण ती इतरांकडून सहकार्य काढून घेते.

बिघडतं कुठे तेही सांगतो, कारण प्रश्न तिथेच येईल. दोघंही ‘जशास तसे’ खेळतायत आणि एकाच्या हातून चुकून दगा गेला. पुढच्या खेळीत दुसरा दगा देतो, तोवर पहिला सहकार्यावर आलेला असतो. मग पहिला देतो. ५-०, ०-५, ५-०… सरासरी ३ वरून अडीचवर येते आणि हे आपोआप थांबत नाही. मूळ चूक कधीच मागे पडलेली, प्रतिध्वनी चालूच. दोन घरांची बोलाचाली पंधरा वर्षं बंद असते तेव्हा नेमकं हेच चाललेलं असतं. यावर उपाय शोधला गेला तो असा की दर तीन दग्यांपैकी साधारण एक सोडून द्यायचा, आणि कोणता सोडणार ते समोरच्याला आधी कळू द्यायचं नाही. सगळेच सोडले तर लबाड फायदा घेतो, एकही सोडला नाही तर प्रतिध्वनी चालू राहतो.

कायद्याचं थोडक्यात. स्वसंरक्षण आणि परतफेड वेगळी. भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि कलम ३७ म्हणतं, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. थप्पड मारून तो निघून गेला आणि तुम्ही गल्लीच्या टोकापर्यंत धावत जाऊन मारलं, तर तो बचाव नव्हे. पण कायदा चिथावणीकडे डोळेझाकही करत नाही. साधी दुखापत केली तर एक वर्षापर्यंत कैद (कलम ११५), तीच अचानक आणि गंभीर चिथावणीमुळे केली तर एक महिन्यापर्यंत (कलम १२२). राग आला हे कायद्याला समजतं. माफी मात्र देत नाही.

बर्डीवाला

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. गांधीजींचं राहिलं. आणि सात मिनिटांत यातलं किती बसवू?

धंतोली_ताई

‘सगळं जग आंधळं होईल’ हे गांधीजींच्या तोंडी घालू नका. त्यांच्या लेखनात ते वाक्य मिळालेलं नाही. त्यांचे चरित्रकार लुई फिशर यांनी सत्याग्रह समजावताना आपल्या शब्दांत तसं लिहिलं, तिथून ते गांधीजींच्या नावावर चढलं.

त्याऐवजी खरा वाद घ्या, तो आपल्या दोन मोठ्या माणसांत झालाय आणि छापील आहे. जानेवारी १९२० मध्ये टिळकांनी ‘यंग इंडिया’ला पत्र लिहिलं. राजकारण हा साधूंचा खेळ नाही, आणि बुद्धाच्या ‘अक्कोधेन जिने कोधं’पेक्षा (राग न करता राग जिंकावा) मला गीतेतलं ‘ये यथा मां प्रपद्यन्ते तांस्तथैव भजाम्यहम्’ (जे मला जसे भजतात त्यांना मी तसाच भजतो) जवळचं वाटतं, असा त्याचा आशय. गांधीजींनी उत्तर दिलं की या दोन वचनांत मला विरोधच दिसत नाही, आणि ‘शठं प्रति शाठ्यम्’च्या जागी ‘शठं प्रत्यपि सत्यम्’ ठेवलं, शठाशीसुद्धा सत्यानेच. १ ऑगस्टला टिळक गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्याच काँग्रेस अधिवेशनात असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं. मुलं ज्या शहरात बोलणार आहेत तिथलंच उदाहरण आहे, सोडू नका. आणि टिळकांनी उद्धृत केलेली ती पाली ओळ धम्मपदातली, गाथा २२३. दीक्षाभूमीच्या गावात ती चुकीची म्हटली तर पहिल्या रांगेतूनच दुरुस्ती येईल.

वेळेचं म्हणाल तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरा, म्हणजे आठशेच्या आत. विदुराच्या दोन ओळी एक मिनिट. दासबोध दोन मिनिटं, ओव्या ठासून म्हणायच्या आणि ‘आणावा’वर थांबायचं. हम्मुराबीची तीन कलमं दीड मिनिट. टिळक-गांधी दीड. उरलेल्या मिनिटात मुलाने स्वतःचं मत सांगावं, ते त्यालाच लिहू द्या. गुणांच्या खेळाचे आकडे भाषणात नकोत, ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून जातात. ते प्रश्नोत्तरांसाठी खिशात ठेवा.

आणि एक, तालमीत हमखास होणारी चूक. ‘मज्यालसी थाटे’ म्हणताना मुलं ‘मजा’ वाचतात आणि हसतात. तो शब्द मजलिस आहे, बैठक. जशास तसा भेटला की बैठक रंगते, असा अर्थ. ‘मज्यालसी’ एका दमात, मध्ये तोडायचं नाही.